दान दिलेली अंबुजा

बाराव्या दिवशी द्यायची गाय ही नारळाची असते, हे तंजावरकडच्या पापनाशम तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तोंडाने गाय म्हणायचं, हातात नारळ ठेवायचा आणि वर यथाशक्ती दक्षिणा. गेलेल्या माणसाला त्या गाईचं शेपूट धरून वैतरणी नदी ओलांडायची असते. नारळाला शेपूट नसतं, ही अडचण मात्र आजवर कोणी काढलेली नव्हती. ती गुरुमूर्तीरावांनी काढली.

"नारळ?" राव म्हणाले. "आमच्या पूर्वजांनी तंजावरच्या राजवाड्यात हत्ती सांभाळलेत, वाध्यार. आणि वासुकीला मी नारळावर पाठवूं?"

वाध्यार म्हणजे तिकडचे पुरोहित. वैद्यनाथ वाध्यार मऊ आवाजात म्हणाले, "धरायचं नुसतं निमित्त असतं, राव."

"पण धरायचं काय? शेंडी?"

जमलेल्या नातलगांत कोणीतरी खोकलं. शास्त्रात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. राव तडक मागल्या दारी गेले आणि अंबुजाला सोडून घेऊन आले. अंबुजा म्हणजे रावांच्या गेलेल्या बायकोची, वासुकीबाईंची, गाय. उंबळाचेरी जातीची, करड्या अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका आणि चारी पायांत पांढरे मोजे. वासुकीबाई दुखण्यात पडल्यावर मुलीच्या, जननीच्या, आग्रहाने बाकीची जनावरं विकली होती. ही एक राहिली होती, कारण हिच्याबद्दल बोलायला लागलं की बाई भिंतीकडे तोंड फिरवत.

वाध्यारांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. उभ्या हयातीत त्यांनी शेकडो गाईंचं दान घेतलं होतं, पण त्यांतली एकही शेण टाकत नव्हती. घर दोन खोल्यांचं, अंगणात मोटरसायकल. पण एवढ्या लोकांसमोर गोदान नाकारणारा पुरोहित पुन्हा कुणाच्या दारात उभा राहणार? त्यांनी दोरी दोन बोटांत धरली. रावांनी शेपटीवर पाणी सोडलं. बायको गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. टेलिफोन खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेला माणूस चारचौघांत रडत नाही, असा त्यांचा स्वतःच केलेला नियम होता. तरी पाणी सोडताना तो मोडायच्या बेतात आला. तेव्हा त्यांनी सगळ्यांसाठी कापी, म्हणजे कॉफी, आणायची मोठ्या आवाजात आज्ञा केली आणि वेळ मारून नेली.

दिवेलागणीला नातलगांची शेवटची गाडी हलली, राव तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, टेकले, आणि गल्लीच्या तोंडाशी घंटा वाजली. अंबुजा येत होती. मागे सुभेदार होता.

आता सुभेदाराबद्दल सांगायला हवं. तो कुत्रा होता. तांबूस, एक कान फाटका, गिरणीपाशी सापडलेला. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. वासुकीबाई संध्याकाळी कालव्याच्या बांधावर जात आणि "चला गे बायांनो" म्हणून घराकडे वळत. गुरं त्यांच्या मागे लागत आणि गुरांच्या मागे सुभेदार. भुंकणं नाही, धावपळ नाही. कोणी रेंगाळलं की मागून पोटरीला नाक लावायचं, फारच झालं तर दात. सगळी आत आली की बाई मागल्या दारात उभ्या राहून म्हणत, "आले सगळे." मग त्याचा भात. एक जरी बाहेर असलं तर सुभेदार भाताला तोंड लावत नसे.

या 'सगळ्यां'त गुरुमूर्तीरावही मोडत, ही गोष्ट त्यांच्या फार जिव्हारी लागलेली होती. संध्याकाळी ते सुब्रमण्यमच्या चहाच्या दुकानात बाकावर बसून, न विचारणाऱ्या लोकांना, पूर्वी ट्रंककॉल कसे जोडत ते समजावून सांगत. ऐन रंगात आलं की पोटरीला ओलं नाक लागे. बाकावरचे सगळे हसत. "राव, वॉरंट आलं," सुब्रमण्यम म्हणे. राव धोतर झटकून उठत, कुत्र्याला बजावत, "माझा मी येतों!" आणि स्वतःच्या मर्जीने निघाल्यासारखे पुढे चालत. मागे सुभेदार. घरी मागल्या दारात बाई हसू दाबून उभ्या असत. नवऱ्याला आणायला कुत्रा पाठवते म्हणून राव भांडत. बाई म्हणत, "मी कशाला पाठवूं? तो आपला मोजतो."

तर अंबुजा गोठ्यात शिरली. सुभेदाराने तिच्याकडे पाहिलं, रावांकडे पाहिलं आणि मागल्या दाराकडे बघत बसला. भात तसाच राहिला. बऱ्याच वेळाने, वाट बघून बघून, त्याने थोडा खाल्ला. बाई गेल्यापासून त्याचं हे असंच चाललं होतं. उन्हाळा आहे, भूक मरते, असं राव म्हणत. त्यांचं स्वतःचं पानही अर्धं उरत असे, तेही उन्हाळ्यामुळेच.

दुसऱ्या सकाळी वाध्यार मोटरसायकलवरून येऊन अंबुजाला घेऊन गेले. म्हणजे मोटरसायकल रावांकडे ठेवून ते पायी गाईबरोबर गेले आणि मग मोटरसायकल न्यायला पुन्हा पायी आले. संध्याकाळी अंबुजा परत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वाध्यारांची गाठ सुटायची तरी, किंवा त्यांची बायको अखिला गाईला बांधावर चरायला सोडायची तरी. वाध्यारांचं घर कालव्यापलीकडे, आणि कालवा तेव्हा कोरडा होता. सुभेदार तो ओलांडून जाई आणि आपली गाय घेऊन येई.

शेवटी वाध्यार रीतसर तिण्णैवर येऊन बसले. "राव, दिलेलं दान परत घेतलं तर शास्त्र काय म्हणतं, ते मी सांगत नाही. तुम्हांला वाईट वाटेल."

"मी कुठे घेतलं? कुत्र्यानं घेतलं."

"कुत्रा कुणाचा?" वाध्यारांनी विचारलं आणि मग आवाज खाली आणला. "माझं सोडा. वासुकीमामींचा विचार करा. शेपूट धरून त्या पाण्यात उतरल्या असतील. आणि गाय रोज संध्याकाळी मागे फिरते..."

 वाक्य पुरं केलं असतं तर बरं झालं असतं.

राव जुने टेलिफोनवाले. नकाशावर नसलेल्या नदीवर त्यांचा विश्वास नव्हता. पण कॉल मध्येच लटकणं म्हणजे काय, ते त्यांना चांगलं माहीत होतं. इकडचा आवाज तिकडे नाही, तिकडचा इकडे नाही, आणि माणूस आपला कानाला रिसीव्हर लावून "हॅलो, हॅलो" करतो आहे. वासुकीबाई तशा दिसायला लागल्या. एका हातात शेपूट, दुसऱ्या हाताने निऱ्या वर धरलेल्या. ओलं नेसणं त्यांना कधी खपत नसे. पावसात दोरीवरचं लुगडं भिजलं तरी त्या दिवसभर त्याच्याबद्दल बोलत.

खरं सांगायचं तर, रोज ती घंटा वाजली की रावांना आनंद व्हायचा. गल्लीच्या तोंडापासून गोठ्यापर्यंत घंटा येई तेवढा वेळ काहीच झालेलं नसायचं. मागल्या दारात आत्ता कोणीतरी म्हणेल, "आले सगळे." मग घंटा थांबे, कोणी काही म्हणत नसे, आणि रावांना त्या आनंदाची लाज वाटे. आपल्याला घंटा ऐकायला मिळते, आणि तिकडे ती पाण्यात उभी. अंबुजाला कायमचं पोचवायलाच हवं होतं.

गाव सल्ला द्यायला तयारच होतं. सुब्रमण्यम म्हणाला कुत्र्याला बांधा. बांधला. तो संध्याकाळपासून असा रडायला लागला, की समोरच्या घरातून निरोप आला, "राव, तुम्ही मनातल्या मनात रडता ते बरं आहे." मग सुब्रमण्यमने सांगितलं, रस्ता चुकवा. म्हणून अंबुजाला 'कुट्टी यानै'त, म्हणजे छोट्या टेम्पोत, चढवून कुंभकोणमच्या रस्त्याने मोठा वळसा घालून वाध्यारांच्या दारात उतरवलं. टेम्पोवाला परतताना चहाला थांबला, तोवर अंबुजा त्याच्या शेजारून घराकडे निघून गेली. "थोडा दम धरा," सुब्रमण्यम म्हणाला. "धरणाचं पाणी सुटलं की कालवा भरेल. मग कुठला कुत्रा येतो?" पाणी सुटलं, कालवा भरला. अंबुजा पोहत आली. सुभेदार तिच्यामागे नाक वर काढून.

मधेच वाध्यारांना कायद्याची काळजी लागली. ही गाय रोज रस्ता ओलांडणार, कुणाच्या गाडीखाली आली तर मालक कोण? तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर नाव होतं वासुकीबाईंचं. दोघे गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या मुलीने संगणक उघडला आणि म्हणाली, मालकाला घेऊन या. मालकीण वारली, असं सांगितल्यावर म्हणाली, मग गाय नावावरून का काढायची तेवढं सांगा. विक्री, मृत्यू की हरवली?

"दान," राव म्हणाले.

"दान नाही यात."

राव तिला दान आणि विक्री यांतला फरक समजावून सांगू लागले. भोसल्यांच्या काळातली उदाहरणं दिली. मागे रांगेत एक बकरी ओरडत होती. शेवटी त्या मुलीने काकुळतीला येऊन 'हरवली'वर बोट ठेवलं.

"अम्मा, हरवली ती गाय नव्हे," राव म्हणाले आणि छत्री उचलून बाहेर आले.

त्या दिवशी जननीचा चेन्नैहून फोन आला. "अप्पा, जेवलांत कां?"

"जेवलों."

"त्या गाईचं इतकं टेन्शन कशाला घेता? वाध्यारांना पैसे देऊन टाका, सरी म्हणतील."

रावांनी फोन ठेवला. 'सरी' म्हणजे बरं. जननीचं मराठी आता निम्मं तमिळ झालं होतं. घरात मराठी समजणारे दोघेच उरले होते, एक राव आणि दुसरा सुभेदार. सुभेदार बोलत नसे, पण त्याला जननीपेक्षा जास्त कळत असे.

राव त्याच्यासमोर जाऊन बसले. "बघ," ते म्हणाले, "उद्या तू आणि मी तिला पोचवून येऊं. आपण दोघे. आणायचं नाही, पोचवायचं." सुभेदाराने फाटका कान हलवला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर राव काठी घेऊन अंबुजाच्या मागे उभे राहिले आणि साहेबी आवाजात म्हणाले, "चल!" सुभेदार वळसा घालून गाईच्या पुढे गेला आणि तिला रावांच्या अंगावर घेऊन आला. राव बाजूला झाले, पुन्हा मागे गेले. सुभेदार पुन्हा पुढे. राव जिथे असतील तिथे तो गाय आणून पोचवत होता, आणि राव तिला दुसरीकडे ढकलत होते. अंगणात असा एक मोठा भोवरा झाला. कुंपणापलीकडे गाव जमलं. कोणी म्हणालं शिट्टी मारा, कोणी म्हणालं गूळ दाखवा. रावांनी तमिळमध्ये हुकूम केला, इंग्रजीत केला, आणि शेवटी दमून, काठी टाकून, फाटकाबाहेर चालू लागले. सगळ्यांकडे पाठ फिरवून कुठेतरी निघून जावं, एवढंच त्या क्षणी त्यांना वाटलं.

मागून घंटा वाजू लागली.

तेव्हा त्यांना आठवलं, वासुकी नेहमी पुढे चालायची आणि कधी मागे वळून बघायची नाही. हा तिचा तोरा आहे असं ते समजत. सुभेदार गाय घरी आणत नव्हता, तो तिला माणसाकडे आणत होता. माणूस जिथे जाईल तिथे. गाय पोचवायची तर आपण पुढे चालायचं, इतकीच गोष्ट होती. राव हरखून मागे वळले. तशी अंबुजा थांबली, तिच्यामागे सुभेदारही थांबला. पुन्हा पाठ केली, घंटा सुरू झाली. म्हणजे वळायचं नाही. मागे कोण आहे ते बघायचं नाही, फक्त ऐकायचं. स्मशानातून परततानाही वाध्यारांनी हेच बजावलं होतं, मागे बघू नका म्हणून. राव तेव्हा बघितल्याशिवाय राहिले नव्हते.

भातखाचरांमधून ते निघाले. पुढे राव, मागे अंबुजा, शेवटी सुभेदार, आणि पन्नास पावलं सोडून गाव. कालव्यावर नारळाचा ओंडका टाकलेला होता. सिमेंटचा पूल पुढे होता, पण वासुकी इथूनच जायची. राव ओंडक्यावर चढले, दोन्ही हात पसरून निम्म्यापर्यंत गेले, आणि मागे घंटा बंद पडली. गाय ओंडक्यावरून येत नसते, ती पाण्यात उतरली असणार, एवढं त्यांना समजायला हवं होतं. पण ती मागे फिरली असं त्यांना वाटलं. त्यांनी वळून पाहिलं, आणि ते पडले.

पाणी छातीपर्यंत होतं, पण ओढ जबर. चष्मा गेला. एक हात हवेत फिरला, आणि त्यात काहीतरी आलं. ते अंबुजाचं शेपूट होतं. त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. पाय तरंगले, आणि मागून पोटरीला नाक लागलं, मग दात. काठावरून सुब्रमण्यम ओरडला, "सोडू नका! राव चालले वैतरणी!" आणि गाव खो खो हसलं.

रावांना ते हसणं ऐकू आलं नाही. चष्म्यावाचून पलीकडचा काठ नुसता हिरवा दिसत होता, आणि त्या हिरव्यात कोणीतरी उभं होतं. लुगड्याच्या रंगाचं काहीतरी. वासुकी, त्यांनी हाक मारली. मोठ्याने मारली की मनात, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आलोंच. माझा मी येतों. आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द त्यांनी भांडणासाठी वापरले नव्हते.

पाय चिखलाला लागले. काठावर अखिला उभी होती, हातात गाईसाठी कोंड्याची बादली. "मामा!" ती ओरडली. "काय हे!" राव काठावर बसले आणि रडले. भरपूर रडले. अंग सगळं ओलंच होतं, त्यामुळे नियम मोडल्याचं फारसं कोणाला कळलं नाही. अखिलाला कळलं असावं, कारण तिने बादली खाली ठेवून पदराने त्यांचं डोकं पुसलं.

वाध्यारांनी अंगणाला लाकडी फाटक केलं होतं, त्याला आता कडी लागली. राव म्हणाले, "कुत्राही ठेवून घ्या. गाय जिथे, तिथे तो राहील." वाध्यार या दुसऱ्या दानाला नको म्हणणार होते, पण रावांचा अवतार पाहून गप्प राहिले. अखिलाने सुभेदाराला भात वाढला. राव सिमेंटच्या पुलावरून, कुणाच्यातरी सायकलवर मागे बसून, घरी परतले. मागे मात्र त्यांनी बघितलं नाही.

दिवेलागण झाली. घंटा वाजली नाही. राव तिण्णैवर कोरडं धोतर नेसून बसले होते. छान झालं, ते स्वतःला म्हणाले. पोचली. निऱ्या पिळत असेल आता, आणि कोणाला तरी सांगत असेल की आमच्या ह्यांना एक काम धड येत नाही. घर इतकं मोठं आहे हे त्यांच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं. भात शिजवायचा होता. पण एकट्यासाठी किती तांदूळ घेतात, ते माहीत नव्हतं, आणि ज्या माणसाला विचारायचं ते उरलं नव्हतं.

पोटरीला ओलं नाक लागलं.

सुभेदार एकटाच आला होता. अंगातून पाणी निथळत होतं. गाय आणली नव्हती, तिला कडी होती. रावांनी आवाज चढवला. "जा! तुझं घर ते आता. जा म्हणतों!" सुभेदार गेला नाही. तो मागे आला आणि त्याने पुन्हा नाक लावलं. मग हलकेच दात.

 राव उठले, त्यांनी धोतर झटकलं.

"माझा मी येतों," ते म्हणाले. आवाज भांडणाचा काढायचा होता, तो निघाला नाही.

पुलावरून दोघे गेले. पुढे राव, मागे सुभेदार. अखिला फाटकात उभी होती. "बघा ना मामा, भाताला शिवला नाही. नुसता रस्त्याकडे बघत होता." राव आत जाऊन अंबुजाशेजारी उभे राहिले. सुभेदाराने अंबुजाकडे पाहिलं, रावांकडे पाहिलं. त्याचा भात तिथेच होता. तो भातापाशी गेला नाही. फाटकाकडे वळून पुन्हा रस्त्याकडे बघत बसला.

रावांनाही मग उन्हाळ्याचं कारण सांगता येईना. ते गुडघे दाबत खाली बसले, भाताचा वाडगा ओढला, आणि वासुकी कालवायची तसा हाताने कालवला.

"ती पोचली रे," ते म्हणाले. "मी बघून आलों. आता तिला आणायला जायचं नाही." त्यांनी वाडगा त्याच्यापुढे सरकवला. पुढचं वाक्य कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

"आले सगळे."

सुभेदाराने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वाडग्यात तोंड घातलं. अखिलाने आत जाऊन, काही न विचारता, आणखी एक पान मांडलं.